भातकापणी यंत्राचा पट्टा : ताण व दंतचक्राची निगा

भाताचे पीक पक्व झाले की कापणीस उसंत नसते. कापणी लांबल्यास दाणे गळतात, आणि परतीच्या पावसात पीक आडवे झाल्यास नुकसान अधिकच होते. पूर्व विदर्भात व कोकणात कापणी आणि मळणी एकदम करणारी यंत्रे आता भाड्याने घेतली जातात. ओल्या खाचरात चाकांचे यंत्र रुतते. रबरी पट्ट्यांच्या यंत्राचा भार रुंद पृष्ठभागावर विभागला जात असल्याने ते सहसा रुतत नाही. परंतु हाच पट्टा चिखलात निसटला, तर तो पुन्हा चढविण्यात ऐन हंगामातील अर्धा दिवस सहज वाया जातो. म्हणून यंत्र शेतात उतरण्यापूर्वीच पट्ट्याचा ताण तपासणे हिताचे असते.

रचना : रबरी पट्ट्याच्या आत पोलादी तारा व आडवे पोलादी तुकडे बसविलेले असतात. दंतचक्राचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात या तुकड्यांना रेटून पट्टा फिरवितात. यंत्राचा भार मधले रोलर सोसतात. दुसऱ्या टोकाचे ताणचाक सरकवून ताण कमीअधिक करता येतो.

योग्य ताण : बैलाची जुपणी सैल राहिली तर जू सरकते, फार आवळली तर मान काचते. पट्ट्याचेही तसेच आहे. सैल पट्ट्यावरून दंतचक्राचे दात घसरतात व वळताना पट्टा निसटतो. अति ताणलेल्या पट्ट्यामुळे इंजिनाची शक्ती व इंधन वाया जाते, बेअरिंग व दात लवकर झिजतात आणि आतील तारा तुटण्याचा संभव असतो.

तपासणीची रीत :

1. दंतचक्र व रोलर यांत साचलेला चिखल, पेंढा व खडे काढून टाकावेत. चिखल दाटून बसल्यास पट्टा आहे त्याहून अधिक ताणलेला भासतो.

2. यंत्र सपाट व कठीण जमिनीवर आणून इंजिन बंद करावे व किल्ली काढून घ्यावी.

3. जॅकने एक बाजू उचलून तिच्याखाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालू नये.

4. मधल्या रोलरची खालची कड व लोंबलेला पट्टा यांतील अंतर पट्टीने मोजावे. लहान यंत्रांच्या पुस्तिकांत हे अंतर पुष्कळदा 10 ते 20 मि.मी. च्या दरम्यान दिलेले असते. तथापि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

5. ताण बदलल्यावर यंत्र खाली घेऊन थोडे पुढेमागे चालवावे व अंतर पुन्हा मोजावे. दोन्ही बाजूंचा ताण सारखा असावा. अन्यथा यंत्र एका बाजूस ओढते.

नवा पट्टा पहिल्या काही तासांच्या कामातच थोडा सैल पडतो, म्हणून त्याची तपासणी लवकर व वारंवार करावी.

दंतचक्राची पाहणी : यंत्राचे बरेचसे काम पुढे चालण्याचे असल्याने दातांची एकच बाजू अधिक झिजते. दात आकड्यासारखे वाकडे किंवा टोकदार झाले असल्यास दंतचक्र बदलावे. खर्च वाचविण्यासाठी झिजलेल्या दंतचक्रावर नवा पट्टा चढविणे हा तोट्याचा व्यवहार होय, कारण असे दात नव्या पट्ट्याचेही लवकर नुकसान करतात.

चालविताना बांध सरळ ओलांडावा, बांधावर वळू नये, आणि चिखलात एकाच जागी गर्रकन फिरणे टाळावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी यंत्रधारकांस एकत्र बोलावून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. यंत्र भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्यानेही ते खाचरात उतरण्यापूर्वी पट्टा व दात एकदा डोळ्यांखालून घालावेत. थोड्या वेळाच्या या पाहणीने वर्षभराच्या कष्टाचे धान्य वेळेवर घरात येण्यास मदत होते.