लोपाराइट : घटक बदलतात, तरी खनिज एकच कसे?

प्रश्न : लोपाराइट या खनिजात सोडियम, सिरियम, टायटॅनियम, नायोबियम अशी अनेक मूलद्रव्ये असतात आणि नमुन्यागणिक त्यांचे प्रमाण बदलते, असे वाचले. मग त्याला एकच खनिज का मानतात? ते कोणत्या गटात बसते?

उत्तर : खनिज ओळखताना दोन गोष्टी पाहतात : अणूंची मांडणी कोणती आणि त्या मांडणीतल्या प्रत्येक जागी कोणाचे प्राबल्य आहे. लोपाराइटची मांडणी पेरोव्हस्काइटची आहे. पेरोव्हस्काइट, म्हणजे कॅल्शियम टायटॅनेट, १८३९ मध्ये गुस्टाव्ह रोझ यांनी उरल पर्वतातील नमुन्यावरून वर्णिले.

या मांडणीत दोन प्रकारच्या जागा असतात. लहान जागेभोवती सहा ऑक्सिजन असतात. तिथे टायटॅनियम किंवा नायोबियम बसते. मोठ्या जागेभोवती बारा ऑक्सिजन असतात. तिथे सोडियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम किंवा सिरियम, लँथॅनम यांसारखी विरल मृदा मूलद्रव्ये येतात. अट एकच : तीन ऑक्सिजनच्या सहा ऋणभारांची फेड व्हायला हवी. पेरोव्हस्काइटमध्ये कॅल्शियमचे दोन आणि टायटॅनियमचे चार भार मिळून हिशेब जुळतो. लोपाराइटमध्ये दोन कॅल्शियमऐवजी एक सोडियम (एक भार) आणि एक सिरियम (तीन भार) येतात. बेरीज तीच राहते. टायटॅनियमच्या जागी पाच भारांचे नायोबियम आले, तर मोठ्या जागी सोडियम येऊन तोल सांभाळते. म्हणून प्रमाणे बदलली तरी मांडणी मोडत नाही. कॅल्शियम वरचढ झाले की नाव पेरोव्हस्काइट, स्ट्रॉन्शियम वरचढ झाले की टॉसोनाइट, आणि सोडियम-नायोबियम वरचढ झाले की लुएशाइट.

रासायनिक वर्गीकरणात लोपाराइट ऑक्साइड ठरते. मांडणीनुसार ते पेरोव्हस्काइट महागटात येते. या महागटात पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात विपुल असलेले ब्रिजमनाइटही आहे आणि ते तर सिलिकेट! अत्यंत दुर्मीळ आणि अत्यंत विपुल अशी दोन खनिजे एकाच मांडणीवर उभी आहेत, ही स्फटिकशास्त्राची खरी किमया.

गुणधर्म असे : रंग काळा, चमक धातूसारखी किंवा काहीशी धातूसारखी, कस तपकिरी, कठिनता ५.५ ते ६, विशिष्ट गुरुत्व (वि. गु.) ४.७च्या आसपास. स्फटिक घनासारखे दिसतात आणि बहुधा एकमेकांत शिरलेल्या जुळ्यांच्या रूपात आढळतात. थोडे थोरियम असल्याने खनिज किंचित किरणोत्सर्गी असते.

याचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे रशियाच्या कोला द्वीपकल्पातील लोवोझेरो. तिथल्या सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या नेफेलिन सायनाइट समूहात लोपाराइटयुक्त थर आहेत. त्या शिलारसात सोडियम भरपूर आणि सिलिका तुटपुंजी होती. सिलिका मुबलक असती तर टायटॅनियम टायटॅनाइटसारख्या सिलिकेटांत गेले असते. ती कमी पडली, म्हणून ऑक्साइड घडले. नेफेलिनचे वि. गु. २.६च्या आसपास असल्याने दळलेल्या धातुकातून जड लोपाराइट गुरुत्व पद्धतीने वेगळे करता येते. त्यातून विरल मृदा, टायटॅनियम, नायोबियम आणि टँटलम मिळतात.

दख्खनच्या बेसाल्टात ते शोधायचे का? ती परिस्थिती लोपाराइटला अनुकूल नाही. तिथे सोडियम आणि विरल मृदांचा असा संचय नाही. टायटॅनियम मुख्यतः इल्मेनाइट आणि टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमध्ये जाते. नेफेलिन असलेल्या खडकात काळे, जड, जुळे घन दिसले तर मात्र लोपाराइटची शंका घ्यावी. रंग आणि जडपणा इल्मेनाइटशी जुळतात, त्यामुळे खात्री क्ष-किरण विवर्तनाने आणि रासायनिक विश्लेषणानेच करावी : पहिल्याने मांडणी कळते, दुसऱ्याने प्राबल्य.