हॉवर्ड काउंटीचे आकडे वाचताना

निवडणुकीचे जुने निकाल चाळत बसायचा मला नाद आहे. घरात त्याला रिकामटेकडेपणा म्हणतात. सध्या माझा मुक्काम अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिनेसोटाच्या सीमेलगतच्या हॉवर्ड काउंटीत असतो. कागदावर, अर्थात! मका, सोयाबीन, दुभती जनावरं आणि साडेनऊ हजारांच्या आत वस्ती. 2012 मध्ये ओबामांना इथे 20 टक्क्यांहून जास्त आघाडी होती, 2016 मध्ये ट्रम्प यांनाही तशीच. दोन्ही वेळा वीस टक्क्यांहून मोठी आघाडी देऊन अशी कोलांटी देशात दुसऱ्या कुठल्याच काउंटीने मारली नाही.

1. काउंटी उलटली म्हणजे सगळे उलटले, असं नसतं. शंभरातल्या वीस-एकवीस जणांनी बाजू बदलली की एवढा फरक पडतो. इथे एकूण मतंच साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे बदलले ते फार तर हजारभर. त्यातही काही जुने मतदार गेले असतील, काही नवे आले असतील. बाकीचे होते तिथेच राहिले, पण त्यांची बातमी कोण करतो?

2. राजकीय रंग हा मातीचा गुण नव्हे. 1984 मध्ये याच लोकांनी रिपब्लिकन रेगन यांना निवडलं. मग शेतीवरचं संकट शिगेला पोचलं. कर्जाचं व्याज चढलेलं आणि आयोवातल्या जमिनीचा सरासरी भाव 1981 मधल्या एकरी 2,147 डॉलरवरून 1986 मध्ये 787 वर आलेला. ज्या जमिनीवर कर्ज काढलं, ती विकूनही ते फिटेना. 1988 मध्ये डेमोक्रॅट डुकाकिस देशभर हरले, पण आयोवा जिंकले, हॉवर्डही. त्यानंतर 2012 पर्यंत काउंटी डेमोक्रॅटच राहिली. रिपब्लिकनांवरचा तो राग एक पिढी पुरला, असं मला वाटतं.

3. पण खिशाचं गणित दर वेळी सुटत नाही. कांद्याच्या भावावर सरकारं पडतात हे आपल्याला पाठ, म्हणून 2018 मध्ये मी कान टवकारले. चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा शुल्क लावलं. अमेरिकी सरकारने 12 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली खरी, पण चीनचा बाजार आटला. तरी 2020 मध्ये ट्रम्प यांची इथली आघाडी वाढली! मदतीचे चेक हे कारण मला अपुरं वाटतं.

4. शेतीची काउंटी, पण मतदार शेतकरीच असतील असं नाही. 1914 मध्ये जन्मलेले कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग याच काउंटीत वाढले, शिकले इथल्याच क्रेस्कोच्या शाळेत. त्यांनी घडवलेले बुटक्या गव्हाचे वाण साठच्या दशकात भारतात आले. इकडे हॉवर्डमध्येही उत्पादन वाढलं, यंत्रं मोठी झाली, तशी शेतावरची माणसं कमी झाली. 1900 मध्ये या काउंटीत चौदा हजारांवर लोक होते. आज अनेकांचा पगार कारखान्यातून, दवाखान्यातून, शाळेतून येतो. ‘शेतकऱ्यांनी कौल दिला’ हे वाक्य मी आता जपून वापरतो.

आपल्याकडे विधानसभेचे बूथनिहाय आकडे फॉर्म 20 मध्ये मिळतात, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर. तुमच्या गावाचं पान एकदा काढून बघा.