नमुना अ‍ॅपची पारख : क्लाउड शिकणाऱ्यांसाठी

क्लाउड, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधील संगणक, साठवण आणि नेटवर्क गरजेपुरते भाड्याने वापरण्याची व्यवस्था, समजून घ्यायची तर पुस्तकापेक्षा चालते अ‍ॅप अधिक शिकवते, आणि म्हणूनच अनेक कंपन्यांनी मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशी, नमुना अ‍ॅप खुली करून ठेवली आहेत. शेगाव, मलकापूर, चिखली किंवा बुलढाणा येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्यांपुढे अशा अ‍ॅपचा तुटवडा नाही. सर्वांत मोठे आणि गाजलेले अ‍ॅप आधी निवडले जाते, दोन-चार आज्ञांत ते सुरू होते, आणि सुरू झाले म्हणजे समजले असा समज पक्का होतो, हा खरा धोका आहे.

गुगलचे ‘ऑनलाइन बुटीक’ हे याचे ठळक उदाहरण होय. ते अकरा मायक्रोसर्व्हिसचे, म्हणजे एकेकच काम सांभाळणाऱ्या आणि नेटवर्कवरून परस्परांशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, बनलेले दुकान असून त्यांत गो, जावा, पायथन, सी शार्प आणि नोड जेएस अशा अनेक भाषा येतात. कुबरनेटीस, म्हणजे असे प्रोग्रॅम अनेक संगणकांवर चालवून त्यांची देखरेख करणारी प्रणाली, पाहण्यासाठी ते उत्तम आहे. परंतु मिनिक्यूब, म्हणजे एकाच संगणकावर छोटे कुबरनेटीस चालवणारे साधन, याच्या साहाय्याने ते स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायचे तर चार जीबी मेमरी त्यालाच द्यावी लागते. शिवाय त्यात लॉगिन नाही, पैसे भरण्याची क्रिया लटकी आहे, आणि ग्राहकाची टोपली ज्या रेडिस साठ्यात राहते तो मूळ मांडणीत तात्पुरता असल्यामुळे त्याचा पॉड, म्हणजे कुबरनेटीस प्रोग्रॅम ज्या वेष्टनात चालवते ते एकक, नव्याने निर्माण झाला की टोपली रिकामी होते. या उणिवा ओळखता येणे हाच अभ्यास आहे, पण नवख्याला त्या दिसत नाहीत.

त्या तुलनेत डॉकरचे ‘एक्झाम्पल व्होटिंग अ‍ॅप’ लहान आहे आणि पहिल्या अभ्यासासाठी तेच अधिक योग्य ठरते. मत घेणारे पायथनमधील पान, मते रांगेत ठेवणारा रेडिस, ती उचलणारा डॉटनेटमधील कामगार-प्रोग्रॅम, मते जपणारा पोस्टग्रेस डेटाबेस आणि निकाल दाखवणारे नोड जेएसमधील पान, एवढेच त्याचे पाच भाग. मांजर की कुत्रा या मूळ पर्यायांच्या जागी सोयाबीन आणि कापूस घालायचे असेल तर मतदानाच्या पानावर ते कोडला हात न लावता, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या मूल्याने, साधते. निकालाच्या पानावर मात्र जुनीच नावे दिसत राहतात, कारण तेथे ती कोडमध्येच लिहिलेली आहेत. संरचना (कॉन्फिगरेशन) कोडबाहेर का ठेवावी, हे एवढ्या एका बदलातून जितके स्पष्ट होते तितके तयार अ‍ॅप नुसते सुरू करून होत नाही. कामगार-प्रोग्रॅम बंद करून मत दिल्यास ते रेडिसमध्ये थांबून राहते, हेही प्रत्यक्ष पाहावे.

जावाच्या विद्यार्थ्यांना ‘स्प्रिंग पेटक्लिनिक’ सोयीचे आहे. मात्र त्याचा मूळ एच-टू डेटाबेस मेमरीतच राहतो आणि अ‍ॅप पुन्हा सुरू करताच नव्या नोंदी जातात, म्हणून ते क्लाउडवर नेण्यापूर्वी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसला जोडावे.

अ‍ॅप अद्याप सांभाळले जाते का, हेही तपासणे आवश्यक आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘ई-शॉप-ऑन-कंटेनर्स’ची जागा आता नव्या ‘ई-शॉप’ने घेतली आहे, तर ‘सॉक शॉप’ घडवण्यात पुढाकार घेणारी विव्हवर्क्स कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद पडली; तरी जुन्या पाठांत ही नावे भेटतातच.

सर्वांत महाग चूक बिलाची असते. अ‍ॅमेझॉनच्या ईकेएस सेवेत कुबरनेटीसच्या केवळ नियंत्रण-भागासाठी ताशी ०.१० डॉलर, म्हणजे ३० दिवसांचे ७२ डॉलर पडतात, आणि संगणक, लोड बॅलन्सर (येणारी मागणी अनेक संगणकांत वाटणारी सेवा) व डिस्क यांचे शुल्क निराळे असते. वापर थांबला तरी आकारणी थांबत नाही आणि बजेटचा इशारा खर्चाची केवळ सूचना देतो. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग, म्हणजे तेथील डेटा सेंटरचा गट, जून २०१६ पासून उपलब्ध आहे, परंतु पाठातील आज्ञा जशाच्या तशा चालवल्यास संसाधने उत्तर व्हर्जिनियात निर्माण होऊ शकतात, आणि तेथील यंत्रे मुंबई विभागाच्या यादीत दिसत नाहीत. म्हणून अभ्यास संपताच प्रत्येक विभाग तपासून सर्व काही पुसावे.

महाविद्यालयातील मार्गदर्शकांनीही प्रकल्प तपासताना कोणते अ‍ॅप चालवले याऐवजी त्यात काय बदलले, काय मोडले आणि ते कसे दुरुस्त केले, हे विचारावे आणि गुण त्यालाच द्यावेत.