थंड लागणारी दाढ : कॅप की रूट कॅनाल?

प्रश्न : माझ्या खालच्या उजव्या दाढेत बऱ्याच वर्षांपूर्वी चांदी भरली आहे. महिन्याभरापासून गार पाणी किंवा फ्रिजमधलं श्रीखंड त्या बाजूला लागलं की कळ जाते. ऊस किंवा फुटाणे चावताना मधूनच एकदम सणक येते. एका डॉक्टरांनी कॅप बसवायला सांगितली. दुसरे म्हणतात, आधी रूट कॅनाल करा, मग कॅप. दोन्हींच्या खर्चात बराच फरक आहे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, वारणानगर

उत्तर : कॅप आणि रूट कॅनाल ही दोन वेगळी कामं आहेत. कॅप दाढेला बाहेरून धरून ठेवते, चिरलेली किंवा पोखरलेली दाढ चावताना फाकू देत नाही. रूट कॅनालमध्ये दाढेच्या आतली नस काढतात आणि मुळांतल्या पोकळ्या साफ करून भरतात. त्यामुळे आधी एवढंच ठरवायला हवं, की तुमच्या दाढेची नस अजून सावरण्यासारखी आहे का. त्याचं उत्तर मिळालं की कॅपचा आणि खर्चाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

दाताच्या वरच्या कठीण कवचाखाली जो थर असतो, त्यात अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. कवच झिजलं, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं, जुन्या चांदीच्या कडेला फट पडली किंवा दाढ चिरली, की गार पाण्याने हा द्रव हलतो आणि नसेला कळ जाते. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोग करून ही उपपत्ती भक्कम केली. म्हणजे थंड लागणं याचा अर्थ नस गेली असा होत नाही. उलट ती जिवंत असल्याचीच ती खूण असते.

खरी गोम कळ किती वेळ टिकते यात आहे. पाण्याचा घोट गिळला आणि काही सेकंदांत दुखणं थांबलं, तर नस फक्त चिडलेली आहे. कारण दूर केलं की ती शांत होऊ शकते. घोट गिळून अर्धा-एक मिनिट झालं तरी ठणका चालूच राहतो, काही खाल्लं-प्यायलं नसताना दुखतं, रात्री आडवं झालं की वाढतं, किंवा कढत चहा नाहीतर तांबड्या रश्श्याने ठणका उठतो आणि गार पाण्याची चूळ धरली की बरं वाटतं, यातलं काही होत असेल तर नस सहसा परत सावरत नाही. अशा दाढेवर नुसती कॅप बसवली तर दुखणं कॅपखाली कोंडून राहतं.

तुम्ही चावताना येणाऱ्या सणकेबद्दल लिहिलंय, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ही सणक दात दाबताना येते की दाब सोडताना, हे नीट पाहा. सोडताना येत असेल तर दाढेला चीर गेल्याचा दाट संशय घ्यावा. मोठी चांदी भरलेल्या दाढेच्या कडा पातळ उरतात. त्यांवर वर्षानुवर्षं ऊस सोलला, सुपारी फोडली, की चीर जाते. ही चीर एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही, नसेची सूजही दिसत नाही. कीड किती खोल गेली आणि मुळाच्या टोकाशी हाड कसं आहे, हे मात्र दिसतं. म्हणून फक्त एक्स-रे पाहून कोणी निर्णय दिला असेल तर तो अपुरा समजा. दाढेच्या एकेका टोकावर वेगवेगळं चावायला लावून पाहणं, गार बोळा लावून शेजारच्या दातांशी तुलना करणं, हलकेच ठोकून पाहणं, या चाचण्या व्हायलाच हव्यात.

तुमची कळ लगेच थांबत असेल आणि रात्री ठणका नसेल, तर माझा कल आधी कॅपकडे आहे. त्यातही लगेच कायमची नको. जुनी चांदी काढून चीर डोळ्यांनी पाहावी, तात्पुरती कॅप बसवावी आणि काही आठवडे थांबावं. दुखणं शमलं तर कायमची कॅप. शमलं नाही तर रूट कॅनाल. अशा दाढांपैकी काहींची नस कॅपनंतरही पुढे मरते, तेव्हा कॅपला वरून भोक पाडून रूट कॅनाल करता येतं. ही शक्यता डॉक्टरांनी आधीच सांगायला हवी आणि तुम्हीही ती मनात धरून चालायला हवं. पण ‘पुढे कटकट नको’ एवढ्यासाठी चांगली नस काढून टाकणं मला पटत नाही. रूट कॅनालसाठी दाढेचा आतला बराच भाग कोरावा लागतो आणि ती कमजोर होते. नस काढल्यावर दात वाळून ठिसूळ होतो असं म्हणतात, पण मुख्य कारण हे कोरणंच आहे. म्हणूनच रूट कॅनाल झालेल्या दाढेला कॅप लागते. पुढच्या दाताचा भाग पुरेसा उरला असेल तर पुष्कळदा भरण्यावरच भागतं.

दुसऱ्या डॉक्टरांना तुम्हाला न सांगितलेलं काही दिसलंही असेल. त्यांना विचारा : गार लावल्यावर कळ किती वेळ राहिली? चीर कुठवर गेली आहे? ती मुळापर्यंत उतरली असेल तर कॅप आणि रूट कॅनाल दोन्ही वाया जाऊन दाढ काढावी लागू शकते. तिसरं मत हवं असेल तर तुमच्याजवळ नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत दात भरणं आणि रूट कॅनाल यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.

हिरडी सरकून मुळाजवळचा भाग उघडा पडला असेल आणि चावताना काहीच होत नसेल, तर या दोन्ही उपचारांची गरज नाही. मिश्री बंद, मऊ ब्रश, हलका हात आणि पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट काही आठवडे नेमाने वापरायची.

निर्णय होईपर्यंत उसाचं कांडं दुसऱ्या बाजूनेही दातांनी सोलू नका, चाकूने सोला. अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका, सुजलेल्या नसेवर त्यांचा उपयोग होत नाही. बरेच दिवस ठणकणारी दाढ अचानक शांत झाली तर बरी झाली असं समजू नका. नस मेल्यावरही दुखणं थांबतं आणि पुढे मुळाशी पू होतो. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.