पट्टी जुळली पाहिजे

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटला की आपल्याकडे विषयांची यादी जवळजवळ ठरलेली असते. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, ऑनलाइन परीक्षा आणि अलीकडे चॅटबॉट. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बीएस्सी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग करणारे असोत, की लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतले, यादी तीच. काही जण तर पैसे मोजून तयार प्रोजेक्टच घेतात, बाइंडिंगसकट. ज्यांचा विषय अजून ठरायचा आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. दुसऱ्या वर्षातल्यांनी वाचलं तर आणखी बरं, कारण त्यांच्या हातात वेळ आहे.

माझ्या मामांचं लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकान आहे. शेतकरी सोयाबीन, तूर, हरभरा घेऊन येतो. सौदा होतो, माप होतं आणि शेवटी त्याच्या हातात पट्टी पडते. किती कट्टे, किती क्विंटल, काय भाव लागला, हमाली आणि तोलाई किती कापली, हातात किती मिळाले, सगळं त्या कागदावर. ही पट्टी संगणकावर निघावी, असा आमच्या गटाचा प्रोजेक्ट होता. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कौतुक केलं, मार्क चांगले पडले. पुढच्या हंगामात, दिवाळीच्या तोंडावर यार्डात सोयाबीनची आवक वाढली तेव्हा तेच सॉफ्टवेअर मामांच्या दुकानात सुरू केलं.

सुरुवातीलाच मुनीमजींनी विचारलं, "बाळा, उचल कुठं टाकायची?"

पेरणीच्या वेळी बियाण्याला, खताला पैसे लागतात. शेतकरी ते आडत्याकडून उचलतो आणि माल आला की पट्टीतून ते वळते होतात. यार्डातला अर्धा व्यवहार या उचलीवर उभा असतो. आमच्या स्क्रीनवर तिला रकानाच नव्हता. मामांनी सांगितलं कसं नाही? तर आम्ही त्यांना घरी, जेवण झाल्यावर, निवांत विचारलं होतं. त्यांनी माप, भाव, हमाली सगळं नीट सांगितलं. उचल त्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली की ती वेगळी सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नाही.

माणसं स्वतःचं काम सांगताना अशीच सांगतात. जे रोजचं असतं ते गाळतात. म्हणून ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर करायचं त्याच्या शेजारी, तो कामात असताना, बसायचं. गर्दीच्या दिवशी बसायचं. जुने कागद मागून घ्यायचे आणि उलटून बघायचे. मामांच्या जुन्या पट्ट्यांच्या मागे मुनीमजींनी पेनानं उचलीचे आकडे लिहिलेले होते. छापील रकान्यांत न मावलेलं जे कागदाच्या पाठीवर जातं, तिथून तुमच्या रिक्वायरमेंटची सुरुवात करा. पुस्तकातला तो पहिला धडा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते अख्ख्या पदवीत त्याच्याइतका कठीण धडा दुसरा नाही.

नावांचंही तसंच झालं. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन शेतकरी निघाले. मुनीमजी त्यांना वडिलांच्या नावावरून आणि वस्तीवरून ओळखायचे. आमचा डेटाबेस त्यांना एकच समजायचा. प्रायमरी कीची व्याख्या गटातल्या प्रत्येकाला पाठ होती.

मग एका संध्याकाळी लाईट गेली. नोंद अर्धवट राहिली, म्हणजे माल जमा झाला आणि पैसे दिल्याचं कुठेच आलं नाही. ट्रान्झॅक्शन म्हणजे एक तर सगळं होईल नाही तर काहीच होणार नाही, हे परीक्षेत आम्ही पान भरून लिहिलं होतं. जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मुख्यतः याच विषयातल्या कामासाठी मिळाला. आमच्या कोडमध्ये मात्र दोन नोंदी सुट्या सुट्या जात होत्या. कॉलेजच्या लॅबमध्ये नोंद चालू असताना कधी लाईट गेली नव्हती, त्यामुळे ते कळायला मार्गच नव्हता. तुमचं सॉफ्टवेअर तपासताना मध्येच प्लग काढा. नेट बंद करा. वजनाच्या रकान्यात नाव टाइप करून बघा.

सगळ्यात जास्त त्रास पैशांनी दिला, आणि इथे पैसे म्हणजे रुपयाचे पैसे. दिवसभराच्या पट्ट्यांची बेरीज आणि संगणकाची बेरीज यांत थोड्या पैशांचा फरक यायचा. पट्टी जुळल्याशिवाय मुनीमजी गल्ला बंद करत नाहीत, मग तफावत दहा पैशांची का असेना. आम्ही रकमा फ्लोटमध्ये ठेवल्या होत्या. संगणक असे आकडे द्विमान पद्धतीत ठेवतो आणि त्यात ०.१ अचूक बसत नाही. पायथनला १.००५ ही रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करायला सांगा. १.०१ ची अपेक्षा असते, उत्तर १.० येतं. शिवाय पट्ट्यांवर प्रत्येक रक्कम पैशापर्यंत आणून छापली जायची आणि दिवसाची बेरीज मात्र मूळ आकड्यांची व्हायची. उपाय साधा आहे. रक्कम पैशांत, पूर्ण संख्येत ठेवायची, आणि कुठे राउंड करायचं ते मुनीमजींना विचारून एकाच ठिकाणी करायचं.

हा फरक क्षुल्लक वाटत असेल तर २५ फेब्रुवारी १९९१ ची सौदी अरेबियातल्या दहरानची घटना वाचा. तिथली पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं, आणि तोच ०.१ तिच्या संगणकात किंचित कापून बसवलेला होता. कापलेला तुकडा साचत साचत सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेला. येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मेले.

आपण लातूर पॅटर्नच्या मुलखातली मुलं. प्रश्नसंच सोडवायचा, चुका काढायच्या, पुन्हा सोडवायचा, ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते. ती मोडू नका, डेटा स्ट्रक्चर्सला आणि डिस्क्रीट मॅथ्सला ती फार कामाला येते. पण बारावीपर्यंत प्रश्न छापून हातात येतो. या क्षेत्रात तो कोणी देत नाही, शोधून आणावा लागतो, आणि तो शोधायला आपल्या भागासारखी जागा नाही. नांदेडचा नवा मोंढा आहे. लातूरच्या क्लासेसच्या मुलांना जेवण देणाऱ्या खानावळींची महिन्याची खाती आहेत. सचखंड गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या यात्रेकरूंना खोल्या देणारे आहेत. यांतलं एक दार ठोठावा.

बाकीचं थोडक्यात सांगते. गिट पहिल्या वर्षीच शिका; चौघांच्या चार पेनड्राइव्हवर चार प्रती फिरू लागल्या की खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. शेतकऱ्यांची नावं युनिकोड मराठीतच साठवा, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव शोधायला गेलं की सापडत नाही. एखादा विषय कॉलेजात नीट शिकवला गेला नाही तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागते. पुण्यात नोकरी लावतो म्हणून डिपॉझिट मागणाऱ्याला किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्याला सरळ नाही म्हणा, घरी कितीही घाई असली तरी. पुण्यातल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत विचारणाऱ्यांना आमच्या स्क्रीन बघायच्याच नव्हत्या. उचलीचा रकाना नंतर कसा घातला आणि आधीच्या नोंदींचं काय केलं, याच्यावरच ते बोलत राहिले. विकत घेतलेल्या प्रोजेक्टवर असलं काही बोलता येत नाही.

तेव्हा विषय शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. अर्धं का होईना, दिवाळीच्या आधी सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या हातात द्या, म्हणजे गर्दीचे दिवस तुम्हाला तिथे बसून बघायला मिळतील. व्हायव्हापर्यंतचे उरलेले महिने त्यानं दाखवलेल्या उणिवा दुरुस्त करायला ठेवा, आणि व्हायव्हाला जाताना त्या उणिवांची वही सोबत न्या.