पाहुणे शिकायला येतात

आपल्या चाकण, भोसरी, पिंपरी भागात कारखाने आले. तिथला माणूस सुट्टी मिळाली की बाहेरगावी जातो. कुणी देवदर्शनाला, कुणी समुद्रावर. हल्ली काही जण खेड्यात चार दिवस राहतात आणि हातकाम शिकतात. सोबत वाटाड्या असतो. तो घर दाखवतो, ओळख करून देतो.

परदेशातही हे चालते. युरोपात स्लोवाकिया नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या डोंगरातले गरीब लोक पूर्वी तार घेऊन गावोगाव फिरत. तडकलेल्या मडक्याभोवती ते तार विणत. मडके पुन्हा कामाला येई. आपल्याकडे कल्हईवाला फिरे, तसेच हे. पुढे पत्र्याची भांडी आली आणि तो धंदा बसला. विद्या मात्र टिकली. 2019 साली युनेस्को या जागतिक संस्थेने ती वारशाच्या यादीत घेतली. आता हौशी लोक ही तार वळायला शिकतात.

आपल्या राज्यात पालघर जिल्ह्यात वारली लोकांची चित्रे आहेत. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरू द्यायचा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे. बांबूची काडी घेऊन तिचे टोक चावून मऊ करायचे. झाला कुंचला! दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणसाचे धड होते. पाहायला सोपे वाटते. पण पीठ पातळ झाले तर ओघळते, घट्ट झाले तर रेघ तुटते. हे पुस्तकात वाचून येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसावे लागते.

पूर्वी ही चित्रे बायकाच काढत. लग्नघरात सवाष्णी चौक लिहीत. त्यात पालघाट देवी असते. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदावर आणले आणि ते जगभर गेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते वारले.

आता पैशाचे बोलू. पाहुणा राहण्याचे देतो, जेवणाचे देतो, वाटाड्यालाही देतो. आणि जिने दिवसभर हात धरून शिकवले, तिला काय? नुसता चहा आणि फोटो? आम्हाला हे पटत नाही. शिकवणे हेही काम आहे. त्याची मजुरी आधी ठरवावी, आणि ती शिकवणारीच्या हातात पडावी. लग्नाचा चौक शिकवायचा की नाही, हे त्या घराने ठरवावे. पाहुण्याने हट्ट धरला, तरी नको म्हणायला लाजू नये.

हे आपल्यालाही लागू आहे बरे का! बारामतीजवळ 2005 साली शेतावर पाहुणे ठेवण्याचा प्रयोग झाला. 2020 साली सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण केले. शेतकऱ्याला त्यात नोंदणी करता येते. शहरातली माणसे आपल्या रानात येतील. त्यांना नुसती हुरडा-भाकरी द्यायची, की काही शिकवायचेही?

वहीत लिहा: आपल्या गावात घोंगडी कोण विणते? सूप, टोपली कोण करते? चाक कोण फिरवते? प्रत्येकाचे वय लिहा. त्यांच्याकडून आज कुणी शिकते का, तेही पुढे लिहा.