बेलवलकर राहू द्या, पराग करून बघा

प्रश्न : मी अमरावतीचा, वय २१. कॉलेजात एकांकिका केल्या. आता पुण्याच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षण घ्यायचंय. प्रवेशाच्या चाचणीसाठी ‘नटसम्राट’मधलं स्वगत बसवलंय. माझा वऱ्हाडी हेल आड येईल का?

उत्तर : आधी स्वगताचं बोलू. ‘नटसम्राट’ १९७० चं. त्यातला म्हातारा नट बेलवलकर साकारणाऱ्या डॉ. लागूंचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानात इतका मुरलाय की तुम्ही बोलाल आणि तुलना त्यांच्याशी होईल. शिवाय एकविसाव्या वर्षी म्हातारपण आणायचं म्हणजे पाठीत पोक, आवाजात कंप. त्यात तुम्ही दिसतच नाही. वयाजवळची भूमिका घ्या. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तला पराग पाहा. वाड्यात कुजत चाललेला, दारूच्या नादी लागलेला हा तरुण मुलगा तुमच्याच मातीतला आहे. तुमचा हेल तिथे भांडवलच ठरेल. मात्र प्रमाण मराठीतला एक उताराही तयार ठेवा. दोन्ही आलं पाहिजे.

उतारा घोकू नका, सबंध नाटक वाचा. पात्र कुणाशी बोलतंय, त्याला काय हवंय, हे ठरलेलं असू द्या. परीक्षक अनेकदा मध्येच थांबवतात. ‘हेच आता कुजबुजत करा’, ‘हसत करा’ असं सांगतात. ती नापसंती नसते. सूचना घेऊन तुम्ही बदलता का, हे त्यांना पाहायचं असतं. म्हणून रोज मित्राला वेगळी सूचना द्यायला सांगा आणि लगेच करून दाखवा. हातवारे बसवून घेतलेत ना? ते आजच मोडा.

वेळमर्यादा आणि उताऱ्यांचे नियम मात्र यंदाच्या माहितीपत्रकातूनच घ्या.